कोळी म्हणजे नेमका कोण?

शहागडचा पूल ओलांडताना महामार्गावरचा प्रवासी गोदावरीकडे एकवार पाहतो, पात्रात पाणी असेल तर नकळत हात जोडतो, नसेल तर वाळूच्या उपशाविषयी दोन शब्द बोलून मोकळा होतो, आणि गाडी बीड जिल्ह्याच्या हद्दीत शिरली की नदीलाही विसरतो. त्याच्याकडून अधिक अपेक्षा करण्याचा अधिकार मला नाही. कारण या गावी कित्येक वर्षे येणेजाणे असूनही, नदीकाठच्या शिवारात उतरणाऱ्या पाणंदीच्या दोन्ही अंगांना बाभळी, बोरी आणि हिवर यांच्या काट्यांत अडकलेली जी मळकट, राखी रंगाची गाठोडी दिसतात, त्यांना मी वाऱ्याने उडून आलेला कचराच समजत आलो होतो. ऊस वाहणाऱ्या गाडीतून पाचट सांडले असेल, त्यावर धूळ बसली असेल, पावसाने त्याचा चोथा झाला असेल, अशी काहीशी माझी समजूत होती, आणि ती तपासून पाहावी असे मला कधी वाटले नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यातल्या एका गाठोड्याखाली चप्पलेतला काटा काढीत उभा असताना एक नाकतोडा माझ्या पायापासून उडाला आणि त्या गाठोड्याभोवती फांद्याफांद्यांत ताणलेल्या पडद्यात जाऊन अडकला. पडदा म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येणारे ते चाकासारखे सुबक जाळे नव्हे. विटलेल्या मच्छरदाणीचा फाटका तुकडा वाटावा असे ते काम होते. नाकतोड्याने दोन झटके दिले. गाठोड्याच्या एका भोकातून एक लहानसा, करड्या रंगाचा कोळी बाहेर आला आणि थबकला. त्याच्या मागून दुसरा आला, मग दुसऱ्या भोकातून तिघे, आणि मी मोजू लागेपर्यंत दहाबारा जण त्या धडपडणाऱ्या देहाभोवती जमले; कोणी मागच्या तंगडीला धरले, कोणी मिशीला, कोणी पोटाखाली शिरले, आणि आपापसांत एकही चावा न घेता त्यांनी स्वतःच्या कितीतरी पट मोठी ती शिकार गाठोड्याच्या तोंडाशी ओढीत नेली. कोळी हा प्राणी एकलकोंडा असतो, दुसरा कोळी दिसला तर त्याला खातो, इतके प्राणिशास्त्र शाळेत शिकलेल्या मला, हा पंक्तिव्यवहार पाहून चप्पल हातातच राहिली.

या जातीचे शास्त्रीय नाव स्टेगोडायफस सरासिनोरम असे आहे. पॉल आणि फ्रिट्झ सरासिन हे बाझलचे दोघे दूरचे चुलतभाऊ १८८३ ते १८८६ या काळात सिंहलद्वीपात प्राणी गोळा करीत हिंडले. त्यांनी पाठविलेल्या अष्टपादांची तपासणी बर्लिनच्या फर्डिनांड कार्श यांनी केली आणि १८९२ साली ही जात नोंदवून तिला त्या दोघा भावांचे नाव दिले. पुढे १९०५ साली एन. एस. जंबुनाथन या गृहस्थांनी हिच्या सवयींचा आणि जीवनक्रमाचा वृत्तान्त अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या धुऱ्यावरच्या बाभळीत नांदणाऱ्या या जिवाची वार्ता एका भारतीय निरीक्षकाने सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी थेट वॉशिंग्टनपर्यंत पोहोचविली होती. शहागडच्या पाणंदीपर्यंत मात्र ती अद्याप आलेली नाही.

रूपाने ही जात डोळ्यांत भरणारी मुळीच नाही. मादीची लांबी जेमतेम सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही कमी. अंग राखट-तपकिरी, त्यावर पांढुरक्या बारीक केसांची लव, त्यामुळे बाभळीच्या वाळक्या सालीवर ती बसली असता हलल्याखेरीज दिसत नाही. पाय आखूड आणि जाडसर. घराच्या कोपऱ्यात लांब काटकुळ्या पायांवर डुलणारा जो कोळी आपण पाहतो त्याच्याशी हिचे साम्य नाही. डोके पुढून चौकोनी, पेटीसारखे, आणि त्यावरील आठ डोळ्यांपैकी काही इतके दूर बाजूला सरकलेले की समोरून पाहणाऱ्यास एखाद्या वृद्ध कारकुनाने चष्मा कपाळावर चढवावा तसा भास होतो. नर लहान आणि संख्येने थोडे. वसाहतीत माद्यांचेच प्राबल्य असते. धाग्याचीही एक खुबी सांगण्याजोगी आहे. आपल्या परिचयाच्या पुष्कळ जाळ्यांचा धागा चिकट असतो. हिचा धागा कोरडा असतो. शरीराच्या मागल्या टोकाशी असलेल्या चाळणीसारख्या पट्टीतून अतिसूक्ष्म तंतू निघतात, चौथ्या पायावरील केसांच्या फणीने ती ते पिंजून घेते, आणि मग ती लोकरीसारखी फुगीर दोरी किड्याच्या पायांवरील काट्याकुसांत अशी गुंतते की डिंकाची गरजच उरत नाही. मी बोट लावून पाहिले: चिकटले काही नाही, परंतु बोट मागे घेताना कापसाच्या वातीसारखा एक तंतू कातडीच्या खरखरीत जागी अडकून लांबवर ताणला गेला.

आता तिच्या मुलुखाविषयी. भारतातील कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशांत, श्रीलंकेत, नेपाळात आणि म्यानमारात ही जात आढळते. शहागडसारख्या गावी बसून हा विस्तार ध्यानात घेताना मनात एक निराळाच विचार येतो. आमच्या या गावाने जितक्या सरहद्दी पाहिल्या तितक्या फार थोड्या गावांनी पाहिल्या असतील. नदीपलीकडे राक्षसभुवनास १७६३ च्या ऑगस्टमध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच पडला. तथापि मुलूख अखेर निजामाकडेच राहिला. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १९८१ च्या महाराष्ट्रदिनी औरंगाबाद जिल्ह्यातून आमचा अंबड तालुका काढून नव्या जालना जिल्ह्यास जोडण्यात आला. प्रत्येक वेळी दफ्तर बदलले, शिक्के बदलले, जमाबंदीचे कागद एका कचेरीतून दुसरीत गेले. या सगळ्या उलाढालीत या राखी जिवाची वहिवाट मात्र लंकेपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत अखंड चालू होती.

जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांपैकी कायम एकत्र नांदणाऱ्या जाती पंचविसाच्या आसपासच भरतात. स्टेगोडायफस या प्रजातीत अशा तीनच आहेत: दोन आफ्रिकेत, तिसरी ही आपली. प्रजातीतील बाकीच्या भगिनी एकट्या राहतात. संशोधकांचे असे म्हणणे आहे की या तिन्ही समूहजीवी जाती आपल्या एकाकी भावंडांपेक्षा अधिक हिरव्या, म्हणजेच किड्यांची आवक अधिक असलेल्या प्रदेशांत टिकून राहिल्या. हे वाचल्यावर पाणंदीकडे मी नव्या नजरेने पाहिले. एका बाजूस ऊस, दुसऱ्या बाजूस मोसंबीची बाग आणि मध्ये काट्यांचे कुंपण, यापेक्षा चांगला बाजार कोणत्या शिकाऱ्याला मिळणार?

घराच्या आत काय चालते, ते मी पाहिलेले नाही, कारण गाठोडे फोडण्याची माझी इच्छा झाली नाही. पण अभ्यासकांनी ते पुष्कळदा पाहिले आहे. आत रेशमी बोळांचे जाळे असते, वाळकी पाने आणि खाल्लेल्या किड्यांचे सांगाडे त्यात विणून टाकलेले असतात, म्हणून ते बाहेरून कचऱ्यासारखे दिसते. अंडी उबली की माता पिलांना आपल्या पोटातील अन्न ओकून भरवते, आणि शेवटी, ते अन्न संपले म्हणजे, पिले तिलाच खाऊन टाकतात. ती प्रतिकार करीत नाही. मधमाश्यांप्रमाणे येथे राणी नाही, मुंग्यांप्रमाणे जन्मजात शिपाई नाहीत. साखर कारखान्याच्या मुलुखात बसून लिहिणाऱ्या माणसाला या ठिकाणी सहकाराचे गोडवे गाण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, विशेषतः या संस्थेत चेअरमनची निवडणूक होत नाही हे लक्षात घेता. पण तो मोह मी आवरतो. या वसाहतीतील माद्या एकमेकींच्या निकटच्या नातलग असतात, पिढ्यान्‌पिढ्या तेथल्या तेथेच लग्ने लागतात, आणि एखादा रोग शिरला तर वसाहतच्या वसाहत बसते. कोणत्याही प्राण्याला पाठ्यपुस्तकातला धडा करून टाकणे हा त्याच्यावरचा अन्यायच होय.

मला आज ज्या अन्यायाविषयी लिहावयाचे आहे तो अधिक साधा आणि अधिक व्यावहारिक आहे. तो नावाचा आहे.

मराठीत कोळी हा शब्द किती जणांना पोसावा लागतो ते पाहा. जाळे टाकून मासे धरणारा तो कोळी, आणि भिंतीवर जाळे विणून माशा धरणारा तोही कोळी. येथपर्यंत उपमा सुंदर आहे आणि ती ज्याला प्रथम सुचली त्याच्या निरीक्षणास मी वंदन करतो. परंतु गेल्या काही दशकांत या शब्दावर तिसऱ्याच एका जिवाचा बोजा पडला. मोसंबीच्या, मिरचीच्या, वांग्याच्या आणि कपाशीच्या पानांखाली बसून रस शोषणारी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, भिंगावाचून नीट दिसतही नाही अशी जी कीड आहे, तिला कृषिपत्रकांनी लाल कोळी असे नाव दिले. तिला आठ पाय असतात, काही जाती पानाखाली बारीक धागेही सोडतात, हे खरे. इंग्रजांनीही तिच्या नावात कोळ्याला गोवले आहे, तेथूनच आपल्या भाषांतरकारांनी ते उचलले असावे. पण इंग्रजीत निदान पुढे एक वेगळा शब्द जोडलेला आहे; आपल्याकडे तो गळाला आणि वनस्पतीचा रस पिणारी कीड व किडे खाणारा शिकारी एकाच नावाने ओळखले जाऊ लागले.

याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्या नात्यातल्या शेताशेजारी एका तरुण बागाईतदाराची मोसंबी आहे. ज्या दिवशी मी नाकतोड्याची ती शिकार पाहिली त्याच्या पुढल्याच आठवड्यात तो पाठीवर पंप अडकवून धुऱ्याच्या बाभळींवर फवारा मारीत असलेला मला दिसला. मी विचारले, "अरे, बाग सोडून कुंपणाला कशाला फवारतोस?"

तो म्हणाला, "काका, मोबाइलवर मेसेज आलता. कोळी दिसला की लगेच फवारा घ्या म्हणून. मग बागंत काय अन् धुऱ्यावर काय, कोळी तो कोळीच की."

त्या संदेशात चूक काहीच नव्हती. पाण्यात मिसळणारे गंधक किती घ्यावे, कोणत्या वेळी फवारावे, सारे यथास्थित होते. आणि त्या तरुणाच्या तर्कातही चूक नव्हती, कारण भाषेने त्याच्या हाती जो शब्द दिला त्याचा अर्थ त्याने प्रामाणिकपणे लावला. चूक होती ती फक्त शब्दाची. शिवाय या गैरसमजुतीला एक कडवट शेपूट आहे, ते कीटकशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक असते: भारी, सरसकट मारणारी औषधे, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड जातीची, वारंवार फवारली की किडींना खाणारे मित्रजीव आधी मरतात, आणि रस शोषणारा तो लाल कोळी मोकाट वाढतो. म्हणजे कोळ्याच्या नावाने कोळी मारावा आणि त्यामुळे पुन्हा कोळीच वाढावा, असा हा व्यवहार आहे, आणि औषधाच्या दुकानाची उधारी तेवढी शेतकऱ्याच्या खात्यावर चढते.

जुन्या भीतीचीही यात भर आहे. अंगावर पुरळ उठून आग झाली की आमच्या घरांतून "कोळी मुतला" असे निदान आजही सहज होते. हे निदान प्राचीन परंपरेला धरून आहे, हे मान्य केले पाहिजे. सुश्रुताने कल्पस्थानात लूतांचे, म्हणजे कोळ्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांची उत्पत्तीही: वसिष्ठांना विश्वामित्रांनी कोपविले तेव्हा त्यांच्या कपाळाचा घाम कापलेल्या गवतावर पडला आणि त्यातून लूता झाल्या, लून म्हणजे कापलेले, म्हणून लूता. कथा रम्य आहे. परंतु पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबोडा एक भुंगेरा असतो, तो मानेवर चिरडला गेला की त्याच्या अंगातील दाहक रसाने तशी आग होते, आणि कित्येकदा ते नागिणीचेच पुरळ असते. कोळी बिचारा त्या वेळी छताच्या कोपऱ्यात आपल्या कामात गर्क असतो. त्याच संस्कृत परंपरेत मुंडकोपनिषदाच्या ऋषीला विश्वाच्या उत्पत्तीचा दृष्टान्त द्यावयाचा झाला तेव्हा स्वतःतूनच धागा काढणारा ऊर्णनाभीच आठवला, हेही विसरू नये. आपण वैद्याची भीती जपली आणि ऋषीचा आदर टाकून दिला.

यावर माझी सूचना अगदी किरकोळ खर्चाची आहे. त्या रस शोषणाऱ्या किडीला कोळी म्हणणे पत्रकांनी, विद्यापीठांनी, आकाशवाणीच्या कृषिविषयक कार्यक्रमांनी आणि आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी थांबवावे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तिचे जवळचे नाते गोचिडीशी आहे. आणि गोचीड म्हणजे काय, ती कशी चिकटते, कशी रक्त पिते, हे गुरे बाळगणाऱ्या कोणत्याही माणसाला शिकवावे लागत नाही. तिला पानगोचीड म्हणावे. ऐकताच राग येईल, रस शोषण्याची कल्पना येईल, आणि धुऱ्यावरच्या गाठोड्याकडे कोणी पंप वळविणार नाही. यापेक्षा चांगला शब्द कोणास सुचला तर मी माझा आनंदाने मागे घेईन. हरकत आहे ती केवळ चालू शब्दाला.

दुसरीकडे, खऱ्या कोळ्यासाठी मराठीत एक जुना, देखणा शब्द पडून आहे: कातीण, किंवा जुन्या लेखनात कांतीण. कातणारी ती कातीण. गोदेच्या याच काठावर, वरच्या अंगाला पैठण आहे, जेथे रेशमाचा धागा हा शतकानुशतके पोटाचा व्यवसाय होता. त्या नदीखोऱ्याने हा शब्द टाकून द्यावा याचे मला नवल वाटते. तो स्त्रीलिंगी आहे, हेही औचित्यपूर्णच, कारण जाळ्यात बसून शिकार करणारी बहुधा मादीच असते. निरनिराळ्या जातींनाही मग सहज नावे देता येतील. शेताच्या कडेला जाळ्याच्या मध्यावर पांढऱ्या नागमोडी फुलीची सही करून बसणारी जी पिवळ्या पट्ट्यांची कातीण आहे, तिच्या शास्त्रीय नावातील अनसुजा या शब्दात मराठी कानाला अनसूयाच ऐकू येते. आणि माहूरच्या वाटेवरच्या मुलुखात तिला अनसूया म्हणावयास कोणाची परवानगी लागणार आहे? आमच्या या गाठोड्यातल्या जातीला मी घरच्यापुरते गोतकातीण म्हणतो.

नावाने काय होते, असे विचारणाऱ्यास मोसंबीचेच उदाहरण देतो. हे फळ मोझांबिकहून आले असे मानतात, त्याच्या नावातच तो परका देश बसलेला आहे. तरी २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या मुलुखाची सरकारदरबारी रीतसर नोंद झाली, आणि ते योग्यच झाले, कारण आमच्या मातीने आणि आमच्या माणसांनी तिला आपलीशी केली. ज्या बागेच्या कुंपणावर गोतकातीण राहते त्या बागेतील परदेशी झाडाला सनद मिळाली. कुंपणावरच्या मूळ रहिवाशाला मराठीत स्वतःचे नावही नाही, एवढीच विसंगती मी दाखवीत आहे.

आणि कुंपणही आता किती दिवसांचे? काट्यांच्या जागी तारा येत आहेत, तारांत वीज खेळविणारे झटका यंत्र येत आहे, पाणंदी रुंद होत आहेत. शेतमाल बाहेर काढण्यास वाट हवी, पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या बैलगाडीचे हाल मी पाहिले आहेत, त्यामुळे रुंदीकरणास विरोध करण्याचे मला कारण नाही. मात्र वाटेची एक बाजू रुंद केली तरी दुसरीवरील बाभळी राहू शकतात, एवढे जेसीबी चालविणाऱ्यास सांगणारा कोणी असावा असे वाटते.

परवा आमच्या पाणंदीची मोजणी झाली. चुन्याची फक्की टाकली होती, आणि एक कर्मचारी हातात नोंदवही घेऊन झाडांची यादी करीत होता: झाड, खोडाचा घेर, अंदाजे वय, मालकी, शेरा. ज्या बाभळीखाली मी चप्पल काढून उभा राहिलो होतो तिची पाळी आली तेव्हा मी त्याला गाठोडे दाखविले, आतल्या वसाहतीविषयी दोनचार वाक्यांत सांगितले, आणि शेऱ्याच्या रकान्यात तिची नोंद करण्याची विनंती केली. माणूस सज्जन होता. त्याने सारे ऐकून घेतले, वर पाहिले, पेन झाडून रकान्यात लिहिले, "झाडावर कोळी आहे." मग वही मिटता मिटता मला म्हणाला, "काका, फवारणी नाही केली का अजून?"